रवीला कोण सांगणार

गॅलरीतल्या गॅसच्या शेगडीवर उज्वलानं पोह्यांची कढई ठेवली आणि वाऱ्यानं जाळ विझू नये म्हणून पत्र्याचं झाकण आडवं उभं केलं. दिवाळीच्या आधी खालचं स्वयंपाकघर फोडलं तेव्हा महिन्याभराची गैरसोय, असं सगळ्यांनी धरलं होतं. आता संक्रांत होऊन गेली, बाजारात द्राक्षं आली, आणि इंदिरानगरमधलं टिळ्यांचं घर अजून वरच्या दोन खोल्यांत आणि या हातभर गॅलरीत नांदत होतं. भांडी बाथरूममध्ये घासायची, भाजी पलंगावर बसून निवडायची. सिमेंटची धूळ डाळीच्या डब्यातसुद्धा सापडायची. पहिल्यांदा ती चिडायची. पण चिडायलाही अंगात ताकद लागते.

खालून महेशचा आवाज येत होता. तो एकटाच होता आणि बोलत होता.

“हे बघ रवी, नातं नात्याच्या जागी आणि काम कामाच्या जागी...”

उज्वला जिन्याच्या तोंडाशी आली. “सराव चाललाय का?”

महेश ओशाळला. अंबडच्या कारखान्यात तो शिफ्ट सांभाळायचा, तिथं माणसांना बोलताना तो कधी अडखळला नव्हता. पण रविराज म्हणजे त्याच्या बहिणीचा, अंजलीचा, धाकटा दीर. गारपिटीत शेतातलं शेडनेट आडवं झाल्यावर रवीनं बांधकामाची कामं घ्यायला सुरुवात केली होती. महेशच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जिना कायमचा बंद सांगितला आणि खाली आईसाठी खोली-बाथरूम काढायचं ठरलं, तेव्हा अंजलीच म्हणाली होती, ‘बाहेरचा कशाला दादा, आपल्या घरातलाच माणूस आहे.’ काम होईपर्यंत आईला तिनं सिन्नरला स्वतःकडे नेलं होतं.

“आज नक्की बोलणार ना?” उज्वलानं विचारलं.

“बोलणार म्हणजे बोलणार. सोमवारी दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघायला येतोय. त्याच्या आधी याला मोकळं करायला हवं.”

“मागच्या वेळीही असंच म्हणालात. मग त्याला जेवायला बसवलंत.”

“जेवायची वेळ झाली होती, काय करणार?”

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. उज्वलानं गॅलरीतून वाकून पाहिलं. रवीची पांढरी गाडी होती. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून रवी उतरला, मागच्या दारातून दोन पिशव्या घेऊन अंजली उतरली. आणि पुढच्या सीटवर, डोक्यावरचा पदर सारखा करत, सासूबाई बसल्या होत्या. उज्वलाच्या हातातला झारा तसाच राहिला. तिनं आधी गॅस बंद केला.

*

“दादा, फोन मुद्दामच नाही केला,” अंजली म्हणाली. ती हसत होती, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. “रवी म्हणाला, बाथरूम झालंय, खोलीला नुसता रंग राहिलाय. आणि आज तो इकडे येतच होता. म्हटलं, घेऊन येते आईला. तीही रोज घर घर करत होती.”

महेशनं रवीकडे पाहिलं. रवी डिकीत वाकून वॉकर काढत होता. वॉकर काढायला इतका वेळ लागायचं काही कारण नव्हतं.

लंकाबाई वॉकरचा आधार घेत उभ्या राहिल्या. दाराकडे, कुंडीतल्या तुळशीकडे, वरच्या गॅलरीकडे त्यांनी डोळे भरून पाहिलं. “आले रे बाबा माझ्या घरी,” त्या म्हणाल्या. “महेश, पाया नंतर पड. मला आधी बाथरूम दाखव. मोहदरीच्या घाटापासनं कळ दाबून बसलेय.”

महेशनं रवीसाठी तयार केलेली सगळी वाक्यं गळून पडली. “आई, जरा... थांब ना...”

“थांबायचं वय हाय का माझं?”

त्या वॉकर टेकत आत निघाल्या. हॉलमध्ये फरशीच्या पेट्यांची चळत होती, कोपऱ्यात वाळूचा ढीग, त्यात मांजरानं केलेला खड्डा. ओट्याच्या जागी अर्ध्या उंचीच्या विटा उभ्या होत्या. त्या सगळ्यातून वाट काढत लंकाबाई मागच्या खोलीपर्यंत गेल्या आणि नव्या बाथरूमसमोर थांबल्या. चौकटीला दार नव्हतं. आत जमीन गुडघाभर उकरलेली होती. मधून एक जाड पाइप वर आलेला, त्याच्या तोंडात सिमेंटच्या गोणीचा बोळा कोंबलेला.

“हे काय? इथं तर विहीर खणलीय,” लंकाबाई म्हणाल्या.

अंजलीनं हातातल्या पिशव्या हळूच फरशीच्या पेटीवर ठेवल्या. “रवी?”

“झालं होतं वहिनी. देवाशपथ झालं होतं, फरशीपर्यंत आलो होतो. पण उतार उलटा पडला. पाणी दाराकडं यायचं, मावशींच्या खोलीत शिरलं असतं. म्हणून परत फोडलं.”

“कधी फोडलं?”

उत्तर महेशनं दिलं. “संक्रांतीच्या आधी. तेव्हापासून एक माणूस इकडे फिरकलेला नाही. रोज फोन केला की ‘उद्या’. मी तुला सांगितलं नाही अंजू, म्हटलं तुला तिथं त्या घरात राहायचंय.”

“माणसं कुठून आणू दादा?” रवीचा आवाज चढला. “अख्ख्या नाशकात कुंभमेळ्याची कामं निघालीत. घाट म्हणू नका, रस्ते म्हणू नका. गवंडी दुप्पट मागतोय आणि तरी मिळत नाय. माझी सुरगाण्याची माणसं होती, ती द्राक्षाच्या खुड्याला गेली.”

“मग तसं सांगायचं! सरळ सांगायचं की नाही जमत!”

“तुम्ही तरी काय सरळ सांगितलं? ओटा आधी पूर्वेच्या भिंतीला. मग म्हणालात खिडकीखाली. बांधला खिडकीखाली. मग एक दिवस फोन करून म्हणालात, तोड आणि परत पूर्वेला घे. माझा गवंडी मला हसतो.”

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उज्वला उभी होती. ती सासूबाईंच्या पाया पडायला खाली आली होती.

“परत पूर्वेला?” तिनं विचारलं. तिचा आवाज मुळीच मोठा नव्हता. “खिडकीखालच्या त्या विटा आपोआप पडल्या असं म्हणालात ना तुम्ही मला? पाया कच्चा होता म्हणालात.”

महेशनं पायानं वाळू सारखी केली.

“कुणी सांगितलं पूर्वेला?”

“अगं, कारखान्यात एकजण आहे. वास्तूचं बघतो तो. म्हणाला, अग्नीची जागा...”

“इतकी वर्षं त्या काळोख्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केला. एक खिडकी मागितली होती मी.”

“मी तुला सांगणारच होतो.”

“उद्या सांगणार होतात का?”

रवीनं मान खाली घातली. आता चूक कुणाची, हे कुणाला धड सांगता आलं नसतं. अंजली भावाकडे पाहत होती, उज्वला नवऱ्याकडे, आणि महेश त्या अर्धवट विटांकडे.

“तुमचं भांडण चालू द्या सावकाश,” लंकाबाई म्हणाल्या. “फक्त मला कुठं न्यायचं ते सांगा. मला आता नाय धरवत.”

*

शेजारच्या मालिनीताई मुलीकडे गेल्या होत्या, दाराला कुलूप. पलीकडच्या घरात खाली बसायचा संडास, तिथं लंकाबाईंना बसता येणार नव्हतं. उरला तो वरचा, म्हणजे जिना चढणं आलं.

“खुर्चीत बसवून नेऊ,” उज्वला म्हणाली, आणि तिनं स्वतःच जेवणाच्या टेबलाची जड लाकडी खुर्ची ओढून आणली. “ती प्लास्टिकची नको, मोडेल.”

लंकाबाईंना खुर्चीत बसवलं. अंजलीनं पिशवीतल्या जुन्या लुगड्यानं त्यांना खुर्चीच्या पाठीला बांधलं. महेशनं पाठीकडून खुर्ची धरली.

“मी खालून धरतो,” रवी म्हणाला. “वजन खालच्यावर येतं.”

महेशला नको म्हणायचं होतं. पण दुसरं होतं कोण? दोघांनी एकदम उचललं. महेश पाठमोरा एक एक पायरी वर चढत होता, टाचेनं पायरी चाचपत. खाली रवीचा चेहरा लाल झालेला, मानेच्या शिरा ताणलेल्या. आत्ता काही क्षणांपूर्वी ज्या माणसाला घराबाहेर काढायचं होतं, त्याच्या दोन हातांवर आपली आई आहे, हे महेशला कळत होतं. त्या हातांनी सोडलं तर?

वळणावर खुर्चीचा पाय भिंतीला घासला. “थांब, थांब!” महेश ओरडला. दोघांनी खुर्ची पायरीवर टेकवली. दोघांनाही दम लागला होता.

लंकाबाईंचं तोंड खाली, रवीकडे होतं. त्यांनी पदराच्या टोकानं त्याचं कपाळ पुसलं.

“लय जड हाय का रे मी?”

“नाय मावशी. फुलासारख्या हायेत तुम्ही.”

“हे बी खोटंच ना?”

हसावं की काय करावं हे रवीला समजेना. त्यानं पुन्हा खुर्चीचे पाय घट्ट धरले आणि म्हणाला, “दादा, उचला.”

शेवटच्या पायऱ्यांवर लंकाबाई डोळे मिटून पुटपुटल्या, “लग्नात बी मला कुणी असं उचलून नेलं नव्हतं.” त्यावर मागून चढणाऱ्या अंजलीला हसू आलं, आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले. वर पोचल्याबरोबर उज्वलानं सासूबाईंना कमरेत धरून आत नेलं आणि दार लोटून घेतलं. उशीर झालाच होता थोडा. बाहेर तिघांना नळाचं पाणी आणि उज्वलाचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं, “असू द्या आई. लुगडं बदलू. त्यात काय एवढं.”

रवी भिंतीला टेकून खाली बसला.

*

पोहे गार झाले होते. उज्वलानं ते तसेच बशांमध्ये वाढले. लंकाबाई उज्वला-महेशच्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, धुतलेल्या लुगड्यात. तोंड उतरलं होतं. त्या पोहे चिवडत होत्या.

“आता मी खाली कधी येणार?” त्यांनी विचारलं.

अंजलीच्या मनात आलं, आपण आईला घरी आणलं नाही, वर नेऊन अडकवलं. सिन्नरला निदान ती अंगणात तरी बसायची. पण सिन्नरला परत न्यायचं बळ तिच्यात नव्हतं. घरात दोन म्हाताऱ्या, एकीला मालिका हवी, दुसरीला भजन. एकीला डाळ घट्ट, दुसरीला पातळ. तिच्या सासूबाई उघड काही बोलत नसत, फक्त ‘तुझ्या आईचं’ असं म्हणत. तुझ्या आईचा टॉवेल. तुझ्या आईचं औषध. रात्री आईला उठवायचं, पहाटे सगळ्यांचे डबे. कमरेचा पट्टा तिनं साडीच्या आत बांधला होता, कुणाला दिसू नये म्हणून. रवी जेव्हा म्हणाला की बाथरूम झालंय, तेव्हा तिनं एकदाही खोदून विचारलं नव्हतं. तिला ते खरं वाटायला हवं होतं.

“असं करू,” ती म्हणाली. “ओटा राहू दे तूर्त. सगळी माणसं बाथरूमवर लावू. आईचं एकदा झालं की मग स्वयंपाकघराचं निवांत बघता येईल. काय वहिनी?”

सगळ्यांनी उज्वलाकडे पाहिलं. ती हो म्हणेल असंच सगळ्यांनी धरलं होतं. आजवर ती म्हणत आली होती.

“नाही,” उज्वला म्हणाली.

“अगं, तूर्त म्हणतेय ती,” महेश म्हणाला.

“ओटा राहू दे म्हणायला सगळ्यांना सोपं जातं. खोली आईंची, बाथरूम आईंचं, बाहेरचा हॉल तुमचा. माझं तेवढंच होतं. आईंचं मी सगळं करीन. करतेच आहे, आत्ताही केलं. पण ओटा होईल, आणि खिडकीखालीच होईल. बाथरूमबरोबर होईल.”

लंकाबाई पोह्यांतली मिरची बाजूला काढत होत्या. “बरोबर बोलतेय ती,” त्या म्हणाल्या. “त्या कोपऱ्यात मी बी डोळे घालवले.”

उज्वलानं चमकून सासूकडे पाहिलं. इतक्या वर्षांत सासूनं तिची बाजू घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. ती चहा गाळायला उठली.

महेशनं घसा खाकरला. अंजलीला वाटलं, आता दादा बोलणार. रवीलाही तसंच वाटलं असावं, त्यानं बशी खाली ठेवली. पण महेश म्हणाला, “रवी, पंधरा दिवसांत होईल का सगळं? खरं सांग. पंधरा दिवस देतो तुला.”

उज्वलानं गाळणी कपावर आपटली. सोमवारी येणारा तो दुसरा कॉन्ट्रॅक्टर, सकाळपासूनचा तो सराव, सगळं त्या जिन्यात कुठंतरी गळून पडलं होतं. ज्यानं आईला उचललं, त्याला काढायचं कसं, हे तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि तिला त्याचा राग येईना, हेच तिला जास्त थकवणारं वाटलं.

“होईल दादा,” रवी म्हणाला. “उद्याच माणसं...”

“रवी,” अंजली म्हणाली. “तू हे काम सोड.”

रवीनं मान वर केली.

“वहिनी?”

“सोड म्हणतेय. झालेल्या कामाचं दादा आणि तू बसून मिटवा. पण उद्यापासून तू इथं येऊ नको.”

“अंजू, अगं...” महेश पुढं सरकला. “मी बोलतोय ना त्याच्याशी.”

“तू नाही बोलणार दादा. तू मला जपतोस म्हणून बोलत नाहीस. मी घरी वाद नको म्हणून त्याला विचारत नाही. आणि तो कुणाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतो. सगळे एकमेकांना जपतोय, आणि आज माझ्या आईचं लुगडं भिजलं.”

“त्याला नको बोलू,” लंकाबाई कळवळून म्हणाल्या. “मीच रोज विचारायचे, झालं का रे, झालं का रे. माझ्या समाधानासाठी झालं म्हणाला पोर.”

“म्हणूनच आई. चांगला आहे म्हणूनच. लबाड असता तर आपण केव्हाच हाकलला असता.”

रवी उठला. त्यानं आपली बशी गॅलरीत नेऊन ठेवली. मग लंकाबाईंच्या पाया पडला. “येतो मावशी,” म्हणाला, आणि जिना उतरून गेला. फाटकाचा आवाज झाला, पण गाडी सुरू झाली नाही. तो खाली अंजलीची वाट बघत थांबला होता. तिला घरी न्यायला दुसरं कोण होतं?

“थांब ना आजच्या दिवस,” उज्वला म्हणाली. जिन्यापर्यंत ती अंजलीच्या मागे आली होती. “आज त्याच्याबरोबर गाडीत...”

“आज थांबले तर उद्याही याच गाडीत जायचंय वहिनी.” अंजलीनं तिचा हात हातात घेतला. तो पोह्याच्या तेलानं चिकट होता. “आईला आता तुझ्याकडेच टाकून चाललेय.”

“टाकून काय. त्यांचं घर आहे.” उज्वलानं आवाज खाली आणला. “तिकडं तुझ्या सासूबाई काय म्हणतील?”

“म्हणतील. म्हणू दे.”

*

द्वारका चौक ओलांडून गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली. अंजली पुढच्या सीटवर बसली होती, सकाळी आई बसली होती तिथं. नाशिकरोड मागं पडलं. चेहेडीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली आणि रवीनं काच वर घेतली.

“वहिनी, एक बोलू?”

“बोल.”

“बरं झालं.”

तिनं मान वळवून पाहिलं. तो समोर बघूनच बोलत होता.

“तो उतार उलटा पडला ना, तेव्हाच मला कळलं होतं, हे आपल्याच्यानं नाय व्हायचं. आतलं पाइपाचं काम मला नाय जमत अजून. बाहेरच्या भिंती, कंपाउंड, शेड, ते करतो मी. पण तुम्ही एवढ्या विश्वासानं नाव सांगितलं होतं. तिथं नाय म्हणून परत यायचं म्हणजे तुमचं तोंड खाली. मग टाळत गेलो.”

“माझ्यासाठी?”

“अन् मग काय?”

अंजलीला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. एवढे महिने भाऊ तिच्यासाठी गप्प होता, दीर तिच्यासाठी खोटं बोलत होता, आणि तिला दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. “मला विचारलं असतंस तर मी त्याच दिवशी सोड म्हणाले असते,” ती म्हणाली.

“आता कळलं ना ते.” गिअर बदलत तो म्हणाला, “घरी काय सांगायचं? मीच सोडलं म्हणतो. आईला वाटेल, मलाच परवडत नव्हतं.”

“नको. मी काढलं, असंच सांग.”

“ती तुम्हाला बोलंल.”

“बोलू दे. पण आता एकही गोष्ट गोड करून सांगू नको कुणाला. मला ऐकवत नाही.”

रवीनं मान हलवली. घाट लागला. वळणावळणावर रस्त्याकडेला द्राक्षांचे टोपले घेऊन बाया बसल्या होत्या. अंजलीनं डोकं खिडकीला टेकलं. काच तापली होती, गाडीच्या धक्क्यांनी कानशिलाला आपटत होती, तरी तिनं डोकं काढलं नाही. तिला सासूबाईंना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवायची होती. पहिलं वाक्य जुळायच्या आतच तिचे डोळे मिटले.

सिन्नरला घराच्या गल्लीत वळण्याआधी रवीनं गाडी कडुलिंबाच्या सावलीत बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. वहिनीला झोपलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. घरात सगळ्यांच्या आधी ती उठायची आणि सगळ्यांच्या नंतर निजायची. आता तिचं तोंड किंचित उघडं होतं, हातातली पर्स मांडीवरून घसरली होती. पदर सरकला होता आणि कमरेचा जाड पट्टा दिसत होता. त्यानं नजर वळवली.

फोन वाजला. त्यानं पहिल्याच घंटीला उचलला आणि गाडीतून उतरून दार न लावता लांब गेला.

“कुठं हायेत रे तुम्ही?” त्याची आई विचारत होती. “झालं का ते काम?”

“नाय झालं,” रवी म्हणाला. “वहिनींनी मला काढलं. चूक माझी होती.”

पलीकडून आवाज चढायला लागला. तो ऐकत राहिला. मधूनच त्यानं मागं वळून पाहिलं. अंजली तशीच झोपली होती.

“आई, हळू बोल,” तो म्हणाला. “आणि आम्ही यायच्या आत आज तेवढा भाताचा कुकर तू लाव.”